कचोरी, कप आणि बाकडं

वरवट बकालला सकाळी सातच्या सुमारास हॉटेलची कढई तापते. आलूबोंडा, भजी, कचोरी, सोबत मीठ लावलेली तळलेली मिरची आणि गोडमिट्ट चहा. ही आमच्या भागाची न्याहारी, असं आता सगळेच म्हणतात. पण ती फार जुनी नाही. माझ्या वडिलांच्या लहानपणी न्याहारी म्हणजे ज्वारीची भाकर आणि ठेचा, शेताच्या धुऱ्यावर बसून खायचा. सकाळचं खाणं विकत घ्यायचं, हे घरातल्या बायांना पटतच नसे.

शब्द मात्र जुने. न्याहारीचं नातं फारसीतल्या नहारीशी. नाश्ताही तिकडचाच; मुळात नाश्ता म्हणजे सकाळपासून ज्याच्या पोटात काही गेलं नाही असा माणूस! गावाच्या नावातला 'बकाल'ही मला अरबीच ऐकू येतो. मराठीत बकाल म्हणजे उजाड, ओंगळ. अरबीत बक्काल म्हणजे भाजीपाला, किराणा विकणारा. कवीला एवढी सूट द्यावी.

चहा उशिरा आला. १९०३ साली इंग्रज सरकारनं चहाच्या निर्यातीवर कर बसवला आणि त्या पैशातून प्रचार सुरू झाला. १९३०च्या मंदीत परदेशी गिऱ्हाईक आटलं, तेव्हा इथल्या बाजारांत लोकांना फुकट चहा पाजून सवय लावली गेली.

पण हॉटेल आलं आणि कोण कोणाशेजारी बसणार, हा प्रश्न उघड्यावर आला. इंग्रजी अमलात रेल्वे स्थानकांवर 'हिंदू चहा', 'मुसलमान चहा' अशा आरोळ्या असत. पाणीही वेगळं. खेड्यांतल्या हॉटेलांत दलितांचे कप बाहेर वळचणीला ठेवलेले, पिणाऱ्यानंच विसळून परत ठेवायचे. १९५० साली लागू झालेल्या राज्यघटनेच्या १५व्या कलमात विहिरी आणि तलावांसोबत दुकानं, उपाहारगृहं यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तो उगाच नाही. मसुदा समितीच्या अध्यक्षांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं. १९५५ साली शिक्षेचा कायदाही आला. कप तरी कितीतरी वर्षं बाहेरच राहिले.

साधारण त्याच काळात शेजारच्या शेगावात कचोरी आली. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी ती रेल्वे स्थानकावर विकायला सुरुवात केली. मुंबई-नागपूर मार्गावरच्या प्रवाशांनी आणि गजानन महाराजांच्या दर्शनाला येणाऱ्यांनी तिचं नाव दूरवर नेलं. फाळणीनं तिकडे एका गावातली माणसं तोडली. त्याच फाळणीतून आलेला हा पदार्थ आमच्या घरी ईदच्या दुसऱ्या दिवशी, शीरखुर्म्याच्या गोडावर उतारा म्हणून, हमखास येतो.

आता हॉटेलात कागदी कप आहेत, सगळ्यांना सारखे. माझे एक बौद्ध मित्र मात्र ते घेत नाहीत. त्यांच्या वडिलांनी वळचणीचा कप विसळलेला. हे काचेचा ग्लास मागतात, चहा पिऊन टेबलावर ठेवतात, आणि हॉटेलवाला तो उचलून विसळेपर्यंत बाकड्यावरून उठत नाहीत.