जीपीआरएसचे दिवस

स्मरणिकेच्या समितीने मला लेख मागितला तेव्हा विषयही त्यांनीच सुचवला. २००४ पासून एसटी स्टँडसमोर माझं मोबाईलचं दुकान आहे, म्हणून "आपल्या भागात फोनवर इंटरनेट कसं आलं ते तूच लिही," असं म्हणाले. शाळेच्या आठवणी बाकीचे मित्रमैत्रिणी लिहितीलच. मी काउंटरच्या आतून जे पाहिलं ते लिहितो.

आपण १९९८ ला दहावी झालो. देशात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमामार्फत. त्याच वर्षी ३१ जुलैला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांना फोन लावला आणि भारतात मोबाईल सुरू झाला. म्हणजे आपण शाळेत असतानाच या दोन्ही गोष्टी देशात होत्या. आपल्याला मात्र ठाऊक होता फक्त एसटीडी बूथ आणि त्यातला लाल आकड्यांचा मीटर. १९९८ लाच शेजारच्या वारणा परिसरात ७० गावं संगणकाने जोडण्याचा सरकारी प्रयोग सुरू झाला. त्याचं कौतुक आपण पेपरात वाचलं. पण घरात संगणक, त्याला टेलिफोनची लाईन आणि वर इंटरनेटचं खातं, एवढं सगळं परवडणारं घर आपल्या वर्गात एखाददुसरंच होतं.

पुढे मोबाईल स्वस्त झाला. सुरुवातीला मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडायचे. २००३ मध्ये इनकमिंग मोफत झालं आणि चित्र पालटलं. माझ्या दुकानात तेव्हा सगळ्यात जास्त खपायचा तो नोकिया ११००. टॉर्च, न हटणारी बॅटरी, धुळीला दाद न देणारी बटणं. रात्री पाणी धरायला जाणाऱ्याला दुसरं काय हवं? पण त्यात इंटरनेट नव्हतं. ते हवं असेल तर पेटीवर 'जीपीआरएस' लिहिलेला सेट घ्यावा लागे.

ही अक्षरं त्या काळी सगळ्यांच्या तोंडी होती, अर्थ थोड्यांनाच माहीत होता. जीपीआरएसच्या आधी 'वॅप' आलं होतं. नोकिया, एरिक्सन, मोटोरोला आणि अनवायर्ड प्लॅनेट यांनी १९९७ मध्ये एकत्र येऊन ते घडवायला घेतलं आणि १९९९ चा नोकिया ७११० हा ते वापरणारा पहिला फोन. चार-पाच ओळींच्या पडद्यासाठी पानाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला 'कार्ड' म्हणायचं आणि अशा कार्डांचा जोड एकदम फोनवर पाठवायचा, अशी ती पत्त्याच्या डावासारखी रचना होती. अडचण वेगळीच होती. वॅपसाठी सुरुवातीला चक्क फोन लावावा लागे. सेकंदाला जेमतेम ९.६ किलोबिट वेग, आणि तुम्ही वाचत बसलात तरी मिनिटाचा मीटर चालूच.

जीपीआरएसने हे बदललं. गिऱ्हाइकांना मी हे वडापच्या उदाहरणाने सांगायचो. वॅपचा जुना प्रकार म्हणजे एकट्यासाठी अख्खी जीप ठरवणं. रिकामी उभी राहिली तरी भाडं द्यायचं. जीपीआरएस म्हणजे वडाप. माहितीची छोटी पुडकी जागा मिळेल तशी बसतात आणि पैसे फक्त पुडक्यांचे. टॉवरच्या एकेका वाहिनीचे वेळेनुसार आठ वाटे असतात. बोलणाऱ्यांनी अडवलेले वाटे सोडून उरतील त्यांवर इंटरनेट चाले, कारण पहिला मान बोलण्याचा. म्हणून संध्याकाळी सात-आठला, सगळे फोनवर असताना, नेट रांगायचं आणि रात्री अकरानंतर पळायचं. मध्येच फोन आला तर डाउनलोड थांबायचं. ही सेटची खोडी नव्हती, रचनाच तशी होती.

सेट घेतला की इंटरनेट लगेच सुरू होत नसे. कंपनीला एसएमएस करून सेटिंग मागवायची, ती आली की पिन टाकून जतन करायची, मग फोन बंद करून चालू करायचा. नाहीच आली तर हाताने भरायची. 'अॅक्सेस पॉइंट' म्हणजे कुठल्या दारातून आत जायचं त्याचं नाव. एक अक्षर चुकलं तरी दार उघडत नसे. कुठे प्रॉक्सीचा आकडा, कुठे पोर्ट ८०८०. प्रत्येक कंपनीचं वेगळं, प्रत्येक सेटमध्ये ते भरायची जागा वेगळी. हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवलं होतं. कॉलेजची पोरं वीस रुपये देऊन सेटिंग करून घ्यायची आणि बाहेर कट्ट्यावर बसून दुसऱ्यांना फुकटात करून द्यायची. आपल्या तालुक्यात इंटरनेट पसरलं ते असं, हातोहात.

त्यात एक सल होता, तोही नोंदवला पाहिजे. पुष्कळ कंपन्यांची दोन दारं असायची, एक त्यांच्या स्वतःच्या पानांपुरतं आणि एक पूर्ण इंटरनेटचं, आणि दोन्हींचे दर वेगळे. कितीतरी सेटवर मधलं बटण दाबलं गेलं की ब्राउझर उघडायचा. खिशात नकळत बटण दाबलं जाऊन ऊसतोडीला आलेल्या माणसाचा सगळा रिचार्ज गेल्याचं मी अनेकदा पाहिलं आहे. त्याने इंटरनेट हा शब्दही ऐकलेला नसायचा. अशांचे सेट आले की मी आतलं खातं खोडून टाकायचो. काहींसाठी इंटरनेट बंद करून देणं हीच खरी सेवा होती.

दहा केबीला दहा पैसे, हा दर तेव्हाच्या पोरांना पाढ्यासारखा पाठ. म्हणजे एक एमबीला दहा रुपये चोवीस पैसे. साधं शंभर केबीचं पान उघडलं की रुपया गेला. हे गणित फिरवलं ते ऑपेरा मिनी या नॉर्वेच्या ब्राउझरने. २००५ मध्ये तिथे त्याची चाचणी झाली आणि जानेवारी २००६ मध्ये तो जगभर खुला झाला. त्याची युक्ती सोपी होती. पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर उघडायचं, तिथे दाबून लहान करायचं आणि फोनवर फक्त गाळीव माल पाठवायचा. रुपयाचं पान दहा-वीस पैशांत येऊ लागलं. साधा जावा चालणारा फोनही पुरे व्हायचा.

आणि मराठी? जुन्या सेटवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. ऑपेरा मिनीच्या गुप्त सेटिंगमध्ये एक ओळ होती, अवघड लिपी चित्राच्या रूपात दाखवायची. तिथे 'होय' केलं की सर्व्हर अक्षरांची चित्रं करून पाठवायचा आणि चौकोनांच्या जागी काना-मात्रा दिसू लागायच्या. पान जड व्हायचं, पण वाचता यायचं. १ मे २००३ ला सुरू झालेला मराठी विकिपीडिया आपल्या भागातल्या कित्येकांनी पहिल्यांदा पाहिला तो असा, दोन इंची पडद्यावर. पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचे बाजारभावही तसेच. सांगलीला माल न्यायच्या आदल्या रात्री भाव बघून जाणारे बेदाण्याचे बागायतदार माझ्या ओळखीचे आहेत.

आज सगळे म्हणतात, खेड्यात इंटरनेट २०१६ ला ४जी स्वस्त झाल्यावर आलं. मला हे अर्धंच खरं वाटतं. ३जीचे परवाने खासगी कंपन्यांना २०१० च्या लिलावात मिळाले आणि आपल्याकडे टॉवर त्याच्याही मागाहून आले. त्याआधीची वर्षं या चिमुकल्या फोनांनीच माणसांना शिकवलं. पासवर्ड म्हणजे काय, लिंक कशी उघडायची, डेटा जपून कसा वापरायचा. २०१६ मध्ये वेग आला आणि भाव उतरला. सवय आधीच लागली होती. याचा पुरावा आपणच आहोत. २००९-१० च्या सुमारास आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीने नोकिया ३११० क्लासिकवरून ऑर्कुटवर शाळेचं नाव टाकून शोध घेतला आणि सात-आठ जण सापडले. कुणी दुबईत, कुणी पुण्यात, कुणी सासरी कर्नाटकात. या मेळाव्याची यादी तिथून सुरू झाली.

ती वाट आता मिटली आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. नोकियाच्या एस४० फोनांवरचं व्हॉट्सअॅप ३१ डिसेंबर २०१८ ला थांबलं. जुना सेट चालू होतो, रेंजही दाखवतो, पण संकेतस्थळांनी सुरक्षेची कुलुपं बदलली आहेत आणि या सेटांकडे जुन्याच किल्ल्या आहेत. आपल्या आईवडिलांपैकी अनेकजण अजून बटणाचाच फोन वापरतात. रेशन, बँक, पेन्शन, सगळं 'अॅपवर बघा' म्हणताना हे लोक दाराबाहेर राहतात, हे आपण विसरू नये. फोन केबलने संगणकाला जोडून नेट लावायला आपण *९९# फिरवायचो, आठवतं? तोच आकडा २०१४ पासून इंटरनेटशिवाय, साध्या फोनवरून बँकेची शिल्लक बघायला कामी येतो. घरी आईला, काकांना तो एकदा दाखवून द्या.

आणि एक विनंती. कुणाच्या माळ्यावर त्या काळातला सेट पडला असेल तर मेळाव्याला घेऊन या. चालू नसला तरी चालेल. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात एक कप्पा मुख्याध्यापकांकडे मागून घेऊ. माझी सेटिंगची वही मी पहिली ठेवणार आहे.