पाचशेच्या दंडासाठी पंधरा हजारांचं कर्ज

आमच्या बचत गटांत दंड हा शब्द रोजचा आहे. बैठकीला उशीर झाला की 10 रुपये, हप्ता चुकला की 20. कुणी हसत भरते, कुणी तोंड वाकडं करून भरते. पण दंडाविरुद्ध भांडायला कर्ज मागणारी बाई आम्ही तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाहिली. गाव महागाव तालुक्यातलंच, नाव सांगत नाही. अर्जावर रक्कम होती 15,000 आणि कारण 'कोर्टाचं काम'.

विचारलं तेव्हा कळलं. बौद्ध वस्तीतली एक बाई हापशीवर पाणी भरायला आली होती आणि हिच्या नवऱ्याने तिची घागर लाथेने उडवली होती. केस झाली, साक्षी झाल्या, एक महिना कैद आणि 500 रुपये दंड झाला. आम्ही म्हटलं, कैद टळावी म्हणून अपील, हे समजतं. ती म्हणाली, "महिना काय, निघून जाईन. पाचशे त आजच भरतो. पन नाव लागलं ना कागदावर!"

त्या दिवशी गटात निर्णय झाला नाही. आम्ही घरी आलो आणि या कायद्याची मागची पानं चाळत बसलो. तेव्हा लक्षात आलं की हा दंड पैशाचा कधीच नव्हता.

महाडची गोष्ट आपण दर मार्चला ऐकतो. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, इथवर ती सांगितली जाते. पुढची कोर्टातली दहा वर्षं फारशी सांगितली जात नाहीत. महाडच्या नगरपालिकेनेच 1924 मध्ये तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला होता. म्हणजे सत्याग्रहींनी कुठला नियम मोडला नव्हता, तरी मार त्यांनाच बसला. ऑगस्ट 1927 मध्ये नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसरी परिषद भरायच्या तोंडावर काही सवर्ण मंडळी दिवाणी कोर्टात गेली आणि 14 तारखेला त्यांनी मनाई हुकूम मिळवला. तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी ते वापरायचं नाही हा पूर्वापार रिवाज आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. 8 जून 1931 ला निकाल त्यांच्या विरोधात गेला. ते ठाण्याला अपिलात गेले आणि 30 जानेवारी 1933 ला हरले. मग मुंबई हायकोर्टात गेले आणि 17 मार्च 1937 ला तिथेही हरले. सत्याग्रहाला दहा वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते. त्या दाव्यात कुणाला एक पैसाही दंड व्हायचा नव्हता. तरी दहा वर्षं वकील लावले, कारण हरलो असं कागदावर यायला नको होतं.

आपला यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. 1947 मध्ये त्या प्रांताने अनुसूचित जातींवरची सामाजिक बंधनं काढण्याचा एक आणि मंदिरप्रवेशाचा एक असे दोन कायदे केले. मग राज्यघटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यताच रद्द केली, आणि 1 जून 1955 पासून साऱ्या देशाला एक कायदा लागू झाला, अस्पृश्यता अपराध कायदा. विहीर, तळं, नळ, दुकान, देऊळ, कुठेही अडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्या 'किंवा'मध्येच पाणी मुरलं. नुसता थोडा दंड करून सोडता येत होतं.

1976 च्या दुरुस्तीने कायद्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं, 'किंवा' जाऊन 'आणि' आला. पहिल्याच गुन्ह्याला कमीत कमी एक महिना कैद आणि कमीत कमी 100 रुपये दंड. वरची मर्यादा मात्र 500 च राहिली, ती आजही तेवढीच आहे. 1955 साली मजुराच्या घरात 500 रुपये एकत्र दिसत नव्हते. आज तेवढ्यात गॅसची टाकी येत नाही.

याच दुरुस्तीत एक कलम आलं, 10-अ. आम्हाला ते सगळ्यात विशेष वाटतं. गुन्ह्यात एकटा माणूस नसून गावच सामील असेल, गाव आरोपीला लपवत असेल, पुरावा दडवत असेल, तर चौकशी करून राज्य सरकार त्या वस्तीवर सामुदायिक दंड बसवू शकतं. तो ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे वाटून द्यायचा. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला त्यातून वगळता येतं, आणि तो हुकूम दवंडी पिटून सांगायचा असं कायद्यातच लिहिलेलं आहे! इंग्रजांनी 1942 च्या आंदोलनानंतर आपल्या विदर्भात चिमूरच्या लोकांवर असाच सामुदायिक दंड बसवला होता, तो स्वातंत्र्य मागितलं म्हणून. हत्यार जुनंच, पण इथे ते वेगळ्या कामाला घेतलं. आणि ज्याला वाटतं आपला यात हात नव्हता, त्याने मुदतीत अर्ज करावा. अर्जाला फी नाही, अर्ज निकाली निघेपर्यंत त्याच्याकडून वसुलीही नाही. 1989 च्या ॲट्रॉसिटी कायद्यानेही हे कलम तसंच उचललं.

आता 100 रुपयांची गोष्ट. कर्नाटकातल्या एका गावात नव्या बोअरवेलवर दलितांना पाणी भरू दिलं नाही. खालच्या कोर्टाने आरोपींना एक महिना कैद आणि 100 रुपये दंड दिला. हायकोर्टाने त्यांना सोडून दिलं. मग कर्नाटक सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, आणि 1 डिसेंबर 1992 ला सुप्रीम कोर्टाने शिक्षा परत कायम केली. शंभराच्या नोटेसाठी दिल्लीपर्यंत! पण इथे अपील करणारा पाणी अडवणारा नव्हता, हे विसरू नका.

अपील दोन्हीकडून होतं. नागरी हक्क कायद्यात तालुक्याच्या कोर्टाने शिक्षा दिली तर आरोपी 30 दिवसांत सत्र न्यायालयात जाऊ शकतो. ॲट्रॉसिटीची केस असेल तर 90 दिवसांत हायकोर्टात, म्हणजे आपल्याला नागपूर खंडपीठात. आणि आरोपी सुटला तर ज्या बाईवर अन्याय झाला तिलाही अपिलाचा हक्क आहे. निकाल लागला की बाई घरी येऊन रडत बसते आणि मुदत निघून जाते, असं आम्ही एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे.

पुढच्या बैठकीला घागरवाली बाईही आली. ती दुसऱ्या गटाची, पण ग्रामसंघ एकच. आम्हाला वाटलं, ती म्हणेल एक रुपया देऊ नका. आमचंही मन तसंच होतं, खोटं कशाला बोलू. ती म्हणाली, "जाऊ द्या त्याले अपिलात. त्याचा हक्क हाय तो. मी मातर उद्या पानी भरायले येईन, तारखेची वाट नाई पाहनार." कुणी बोललं नाही. मग एकीने विचारलं, "मंग व्याज किती लावाचं?" नेहमीचंच लावा, असं ठरलं. आम्ही सही केली. तो निर्णय बरोबर होता का, यावर आमच्यात अजून वाद होतो.

हापशीवर ती आता रोज येते. कर्जाचे हप्ते वेळेवर आले. एकदाच चुकला, तेव्हा 20 रुपये दंड घेतला. अपील अजून तारखेवर आहे.