दोन धन्यांची चाकरी

मानोऱ्याकडील जुन्या वतनदार घराण्यांत पूर्वजांच्या तलवारीच्या कथा पुष्कळ ऐकू येतात. परंतु त्या पुरुषाचे खरे चरित्र वसुलाच्या मोडी कागदांतच शोधले पाहिजे, असे आम्हांस वाटते. इ. स. १७२४ मध्ये वऱ्हाड निजामाच्या हाती गेले. पुढे नागपूरकर भोसल्यांनीही तेथील वसुलात आपला वाटा बसविला. हा दोअमली कारभार १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत चालला. तोवर देशमुख-देशपांड्यांस दोन धन्यांची मर्जी राखावी लागे. यास्तव एकाच हंगामाच्या दोन पावत्या सापडल्या, तर त्यांतील एक बनावट समजू नये.

सनाचीही सावधगिरी हवी. कागदांत कोठे फसली सन असतो, कोठे सुहूर. दक्षिणी फसलीत ५९० वा ५९१ आणि सुहुरात ५९९ वा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. ही नऊ वर्षांची तफावत विसरल्यास मृत पित्याच्या हातची सनद पुत्रास मिळालेली दिसेल!

दोन सत्तांच्या ओढाताणीत गाव नांदते ठेवणे, हाही पराक्रमच होय. त्याची साक्ष पावत्यांच्या जुडग्यांत आहे. ती वाळवीच्या स्वाधीन करू नये, इतकीच आमची विनंती.