जामेच्या दोन तीरांवरील वाद

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी व पिवळी मारबत निघते, मुले लाकडी बैलांना सजवून तान्हा पोळा साजरा करतात, आणि त्याच दिवशी नागपूरच्या वायव्येस, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या पांढुर्ण्यास जाम नदीच्या दोन्ही काठांवर माणसे दगडांचे ढीग रचून समोरासमोर उभी राहतात. एका तीरावर पांढुर्णा, दुसऱ्या तीरावर सावरगाव. नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवलेले असते व त्याच्या शेंड्यास निशाण बांधलेले असते. सकाळी त्याची पूजा होते आणि मग दगडफेक सुरू होते, ती सायंकाळपर्यंत चालते. या दिवसास ‘गोटमार’ म्हणतात. शब्द अस्सल आपल्याकडचा आहे. गोटा मारणे यापलीकडे त्यास दुसरा अर्थ नाही.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांस, विशेषतः गोमंतकातील वाचकांस, हा मुलूख अपरिचित असण्याचा संभव आहे, म्हणून दोन शब्द त्याविषयी. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. हा प्रदेश देवगडच्या गोंड राजांचा. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे गेला. घाटावरच्या छिंदवाड्याची भाषा हिंदी व गोंडी, परंतु घाटाखालच्या या पट्टीची भाषा, पिके, सणवार आणि सोयरीकसंबंध सारे नागपूरकडे तोंड करून आहेत. राज्यपुनर्रचनेच्या वेळी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा त्या आठांत नव्हता. अशा रीतीने पांढुर्णा व सौंसर मध्यप्रदेशात राहिले आणि आजही तेथेच आहेत. सौंसर तालुक्यातील जामसावळीचा निद्रिस्त मारुती पाहावयास नागपूरकडून भाविकांची रीघ लागते. देवाच्या वाटेवर राज्याची सीमा कोणी विचारात घेत नाही.

या सीमेचा एक गमतीचा परिणाम मात्र सांगण्यासारखा आहे. आपल्या पंचांगाप्रमाणे पोळा श्रावणी अमावास्येस; उत्तरेच्या पूर्णिमान्त गणनेने तीच तिथी भाद्रपदातील अमावास्या ठरते. म्हणजे दिवस एक, नदी एक, परंतु गावातल्या घरी तो श्रावण आणि हिंदी वृत्तपत्रांत तो भाद्रपद. यावरूनही वाद घालणारे भेटतात.

असो. गोटमार कोठून आली, हा पहिला वाद. सर्वाधिक सांगितली जाते ती कथा एका तरुण-तरुणीची आहे. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेली; नदी ओलांडताना मुलीकडच्यांनी त्यांवर दगड फेकले, मुलाकडचेही त्वेषाने दगड फेकू लागले, आणि दोघेही पात्रातच गतप्राण झाले. मग दोन्ही गावांस उपरती झाली. या कथेचे पडसाद विधीत स्पष्ट दिसतात: सावरगाव स्वतःस वधूपक्ष मानते, पात्रातले पळस म्हणजे जणू त्यांची लेक. पांढुर्णेकरांनी ते निशाण हस्तगत करावयाचे, सावरगावने ते राखावयाचे, आणि अखेरीस झाड व निशाण चंडीमातेच्या मंदिरी न्यावयाचे. दुसरी कथा भोसल्यांच्या सैन्याची. दगड-गोफणीचा सराव करणारे शिपाई या नदीकाठी दोन तुकड्यांत लढत, त्याचीच पुढे प्रथा झाली, असे तिचे समर्थक म्हणतात.

दोन्ही कथा मुखपरंपरेच्या आहेत. तथापि आम्हांस पहिलीचे वजन अधिक वाटते, कारण दुसरी कथा पळसाचे झाड, निशाण आणि चंडी यांचा काहीच उलगडा करीत नाही. जी कथा विधीच्या अंगोपांगांत मुरलेली आहे, ती निदान विधीइतकी तरी गावास जवळची असली पाहिजे. घडलेली की रचलेली, हा प्रश्न वेगळा. सैन्याची कथा सांगणाऱ्यास प्रथेला पराक्रमाचे वस्त्र नेसवावयाचे असते, आणि प्रेमिकांची कथा सांगणाऱ्यास तिच्यातील अपराधाची जाणीव जागती ठेवावयाची असते, एवढा फरक मात्र दोन्ही ऐकताना जाणवतो.

ओढ्याच्या दोन काठांवर दोन गावांनी वर्षातून एकदा भांडण मांडावे, ही कल्पना पांढुर्ण्याचीच आहे असे नव्हे. सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात, सुखेड व बोरी ही गावे आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी या गावांच्या स्त्रिया ओढ्याच्या दोन काठांवर जमतात व वाद्यांच्या गजरात हातवारे करून एकमेकींस शिव्यांची लाखोली वाहतात. यास ‘बोरीचा बार’ म्हणतात. तेथेही कथा एका मृत्यूचीच आहे. दोन सवतींचे ओढ्यावर भांडण जुंपले आणि त्यात दोघींचा अंत झाला, असे सांगतात. वेळ संपली की बार संपतो आणि बाया घरी जातात. पोलीस मध्ये उभे असतात, पण ते हातघाई होऊ नये एवढ्यासाठी. शब्दांस कोणी अडवीत नाही. गोमंतकीय वाचकांस येथे माशेलचा चिखलकाला आठवेल. देवकीकृष्णाच्या देवळापुढील त्या चिखलात भांडण मुळीच नाही, केवळ खेळ आहे, परंतु वर्षातून एक दिवस नेहमीची मर्यादा देवाच्या साक्षीने सैल करावी, ही दृष्टी तीच.

मग पांढुर्ण्याचा प्रश्न एवढा बिकट का? कारण तेथे शब्दांऐवजी दगड आहेत. दरवर्षी शेकडो माणसे घायाळ होतात. डोकी फुटतात, डोळे जातात, हातपाय मोडतात. १९५५ पासून झालेल्या मृत्यूंची गणना वृत्तपत्रांतून दर पोळ्यास छापली जाते, आणि ती दहाच्या वर गेलेली आहे. ज्या घरातला मनुष्य नदीत पडला त्या घरी पोळ्याची अमावास्या कशी उजाडत असेल, हे आम्ही लिहिण्याची आवश्यकता नाही.

येथून दुसरा वाद सुरू होतो आणि तो गोटमारीइतकाच नियमाने दरवर्षी येतो. पोळ्यापूर्वी शांतता समितीची बैठक भरते. अधिकारी म्हणतात, दगड सोडा. गावचे लोक म्हणतात, ही देवीची सेवा आहे, आमच्या पूर्वजांनी चालविली, आम्ही कशी मोडावी? अधिकारी मृतांची संख्या सांगतात. लोक म्हणतात, चंडीचा अंगारा लावला की जखम भरते. मनाई हुकूम निघतो. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली निघे, १ जुलै २०२४ पासून नवीन संहितेच्या १६३ व्या कलमाखाली निघतो. गोफणीस बंदी होते. दगडांऐवजी रबरी चेंडू ठेवून पाहण्यात आले, ते लोकांनी बाजूस सारले व हाताखालचे दगड उचलले. शेवटी, जो हुकूम मोडला जाणार हे ठाऊक आहे तो हुकूम काढून, तेच अधिकारी नदीकाठी डॉक्टर, मलमपट्टीचे तंबू आणि रुग्णवाहिका यांची सिद्धता करतात. त्यांस दोष देणे सोपे आहे. परंतु हजारोंच्या जमावावर बळ वापरल्यास दगडांहून मोठा अनर्थ ओढवेल, ही त्यांची भीतीही खोटी नाही.

या वादात दोन्ही पक्ष एकच वाक्य दरवर्षी म्हणतात, आणि दोन्ही पक्षांस दुसऱ्याचे वाक्य तोंडपाठ असते. अशा वादात युक्तिवाद जिंकत नाही, हे खरे. तरी वाद व्यर्थ असतो असे मात्र आम्ही म्हणणार नाही. उत्तराखंडात चंपावत जिल्ह्यातील देवीधुरा येथे वाराहीदेवीच्या प्रांगणात रक्षाबंधनाच्या दिवशी ‘बग्वाळ’ होते. वालिग, चम्याल, गहरवाल आणि लमगडिया या चार खामांचे लोक लाकडी ढाली घेऊन एकमेकांवर दगड फेकीत असत. २०१३ साली तेथील उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला. तेव्हापासून फळाफुलांनी बग्वाळ खेळण्याचा प्रघात पडला. आजही मध्येच दगड उडतात व माणसे जखमी होतात, हे लपविण्यात अर्थ नाही. पण फळ हातात धरणे म्हणजे देवीचा अवमान, असे आता तेथे कोणी म्हणत नाही. पुजाऱ्यांनी व खामांच्या प्रमुखांनी ते मान्य केले, म्हणूनच ते टिकले. केवळ न्यायालयाच्या कागदाने टिकले नसते.

पांढुर्ण्यात असा मध्यम मार्ग अशक्य आहे, असे आम्हांस वाटत नाही, आणि त्याचे कारण विधीतच दडलेले आहे. ज्या वर्षी निशाण कोणाच्याच हाती लागत नाही, त्या वर्षी सायंकाळी दोन्ही बाजूंचे प्रमुख आपसांत बोलतात, संमतीने झाड काढतात आणि ते चंडीच्या मंदिरी जाते. म्हणजे देवीपुढे झाड पोचावयास दगडाची जय-पराजयाने सांगता व्हावी लागत नाही, हे गावानेच कितीदा तरी मान्य केलेले आहे. जे सायंकाळी धर्मास धरून आहे ते सकाळीच का असू नये, हा प्रश्न बाहेरच्या कोणी विचारला तर राग येतो; तो पांढुर्णा आणि सावरगावच्या वृद्धांनी, देवीच्या पुजाऱ्यांच्या समक्ष, एकमेकांस विचारला पाहिजे. लेकीकडच्यांनी व मुलाकडच्यांनी मिळून सोडवावयाचा हा घरचा प्रश्न आहे. दगड काढला तर मागे काय उरणार, अशी शंका काही जण घेतात. मागे पळस उरतो, निशाण उरते, नदीत उतरून ते आणण्याची चुरस उरते आणि चंडीची पूजा उरते. एवढ्यावर पुष्कळ देवस्थानांच्या जत्रा शतकानुशतके चाललेल्या आहेत.

अलीकडे एक गोष्ट बदलली आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा व सौंसर मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्या वर्षीची गोटमार सप्टेंबरातच उरकली होती. नव्या जिल्ह्याची पहिली गोटमार ३ सप्टेंबर २०२४ रोजी झाली. पूर्वी जिल्हाधिकारी या दिवसापुरते छिंदवाड्याहून घाट उतरून येत आणि दुसऱ्या दिवशी परतत. आता त्यांची कचेरी पांढुर्ण्यातच आहे, आणि पोळा उलटल्यावरही त्यांस त्याच नदीकाठी, त्याच लोकांत, पुढच्या श्रावणापर्यंत राहावयाचे आहे.