ऋतू बदलतो, चाक बदलत नाही: बर्फ, काळी माती आणि किनवट

१/ बर्फावर उन्हाळी, बारमाही की हिवाळी टायर, हा प्रश्न किनवटच्या वाचकाला परका वाटेल. परंतु ऋतूनुसार जमीन बदलते, मग एकच चाक कसे पुरावे, हा पेच पैनगंगेकाठच्या बैलगाडीपुढेही होता.

२/ प्रथम बर्फ. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसखाली कडक होऊ लागते व पकड घटते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. त्याच्या खाचांत बर्फ दाबून बसतो आणि बर्फच बर्फाला धरतो. बारमाही टायर ही तडजोड होय: सौम्य हिवाळ्यात पुरेशी, दाट बर्फात उणी. फिनलंडमध्ये १९३४ साली मालमोटारींसाठी खास हिवाळी टायर तयार झाला.

३/ काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगून चिकट होते. लोखंडी धावेचे चाक कोरड्या वाटेवर भक्कम आणि गावातच दुरुस्त होणारे. पावसाळ्यात मात्र सारा भार अरुंद धावेवर येऊन ते रुतते. खाचेत बसलेला बर्फ पकड देतो. चाकाला चिकटलेला चिखल ती घालवतो.

४/ यावरचा जुना उपाय म्हणजे चाकच टाळणे. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ वाहून नेत. रुतलेला खूर उचलता येतो. चाकाला समोरचा चिखल रेटावाच लागतो. १८०३ च्या असईच्या मोहिमेत वेलस्लीच्या फौजेची रसदही मोठ्या प्रमाणात बंजाऱ्यांवर अवलंबून होती.

५/ १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर बनवला. विसाव्या शतकात तो बैलगाडीलाही लागला. रुंद असल्याने भार पसरतो, गाडी कमी रुतते, बैलांचे श्रम वाचतात. पण तो महाग, पंक्चर होणारा, आणि ओल्या काळ्या मातीत घसरणाराही. म्हणजे तीही तडजोडच.

६/ फिनलंड, स्वीडनमध्ये हिवाळ्यात हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. तेथे ऋतूनुसार चाक बदलते. किनवटच्या शेतकऱ्याला चाकांचे दोन संच परवडणारे नव्हते. म्हणून मालाची वाहतूकच वाट सुकेपर्यंत थांबे.

७/ १९५६ मध्ये किनवट तालुका आदिलाबादमधून नांदेड जिल्ह्यात आला. जिल्हा बदलला, माती तीच राहिली. चाक बदलणे परवडत नाही, तेथे वाट बदलावी लागते. शेतापर्यंत पक्क्या पाणंद रस्त्याची मागणी म्हणूनच सोयीपुरती नाही. पावसाळ्यात शेतमाल, आजारी माणूस आणि शाळकरी मूल गावाबाहेर पडू शकेल की नाही, हे तिच्यावर ठरते.