आभासी यंत्रांची सामायिक बोली

सीमारेषेची किंमत काय असते, हे बिदर जिल्ह्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा या एकाच जिल्ह्याचे तुकडे तीन राज्यांत गेले. उदगीर, अहमदपूर व निलंगा मुंबई राज्यात गेले. झहीराबाद व नारायणखेड आंध्रात. आणि बिदर, भालकी, हुमनाबाद हा भाग शेजारच्या गुलबर्ग्यासह म्हैसूर राज्यात. रेषा एकदा आखली गेली, की तिच्या दोन्ही अंगांना कचेऱ्या, शाळा व दप्तरे उभी राहतात आणि ती पुसणे जवळजवळ अशक्य होते. असे असूनही या भागातील बाजार अडला नाही. कानडी, मराठी व तेलुगू बोलणाऱ्यांना एकमेकांशी जोडणारी दखनी येथे पूर्वीच रुजलेली होती.

रेषा नवी आखावी, की आहे ती बोली सुधारावी, हाच प्रश्न २००९ साली संगणकाच्या जगात एका मोठ्या वादाचे कारण झाला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये आरंभिलेली लिनक्स ही सर्वांना खुली असलेली प्रणाली. तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात, आणि डिस्क, जाळे इत्यादी उपकरणांशी बोलणाऱ्या त्याच्या भागांना ड्रायव्हर.

एका खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालविण्याची युक्ती मात्र लिनक्सहून जुनी आहे. आयबीएम कंपनीने ती १९६०च्या दशकातच साधली होती. यात खरा संगणक हा यजमान आणि आभासी संगणक हा पाहुणा. पाहुण्यासमोर खऱ्या डिस्कची हुबेहूब नक्कल ठेवली, तर प्रत्येक लहानसहान हालचालीसाठी त्याला थांबवून यजमानाला जागे करावे लागते व काम मंदावते. त्यापेक्षा आपण पाहुणे आहोत हे त्याला कळू द्यावे, दोघांच्या सामायिक स्मृतीत मागण्यांची वही ठेवावी, आणि पुष्कळ मागण्या लिहून झाल्यावर एकदाच हाक मारावी, हे सोयीचे. अशी वही वापरणारा ड्रायव्हर तो आभासी ड्रायव्हर होय.

अडचण अशी झाली, की ज्याने त्याने आपली वही निराळी केली. ऑस्ट्रेलियातील रस्टी रसेल यांनी २००८ साली हिशेब मांडला, तेव्हा लिनक्समध्ये अशा आठ निरनिराळ्या व्यवस्था होत्या आणि बहुतेकांचे ड्रायव्हर स्वतंत्र होते. एक दोष आठ ठिकाणी दुरुस्त करावा लागे. यावर त्यांनी ‘व्हर्टिओ’ नावाची एकच सामायिक बोली सुचविली, आणि जानेवारी २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीत ती कर्नलमध्ये आली.

पुढच्याच वर्षी नॉव्हेल कंपनीचे ग्रेगरी हॅस्किन्स यांनी ‘अलॅक्रिटीव्हीएम’ हा नवा प्रकल्प पुढे आणला. आपला मार्ग अधिक वेगवान आहे, हे ते मोजमापे देऊन सांगत होते, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नव्हते. त्या काळी व्हर्टिओची जाळ्याची वाहतूक यजमानाकडील एका सामान्य प्रोग्रॅममधून फेरा घेऊन जात असे. उलट पक्षी रेड हॅट कंपनीचे अवी किविटी व इतर यांचे म्हणणे असे, की वेग वहीमुळे नव्हे, तर वही वाचण्याच्या रीतीमुळे कमी होतो. मग दुसरी वही कशाला? वही एकदा स्वीकारली, की ती वर्षानुवर्षे पाळावी लागते, कारण जुना पाहुणा नव्या यजमानाकडेही चालला पाहिजे.

येथे एक शंका रास्त ठरते. त्याच वर्षी जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या आभासी ड्रायव्हरांच्या सुमारे २०,००० ओळी लिनक्सला दिल्या व त्या स्वीकारल्या गेल्या; मग हॅस्किन्स यांनाच मज्जाव का? भेद असा, की मायक्रोसॉफ्टचा यजमान लिनक्सच्या हाती नव्हता. त्याच्या घरी राहायचे, तर त्याचीच बोली बोलणे भाग होते. हॅस्किन्स यांच्या बाबतीत यजमान व पाहुणा ही दोन्ही टोके लिनक्सचीच होती, म्हणून तेथे निवडीला वाव होता.

डिसेंबर २००९ मध्ये हॅस्किन्स यांनी आपले काम रीतसर सादर केले. इंगो मोल्नार यांच्यासारख्या ज्येष्ठांनी हरकत घेतली आणि ते काम मुख्य कर्नलमध्ये आले नाही. पुष्कळ दिवसांचे श्रम बाजूला राहिले, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि वेगाची तक्रार खरी होती, आणि तिचे निवारण झाले. मायकेल त्सिर्किन यांनी त्याच सुमारास ‘व्हीहोस्ट’ लिहिले. त्यात वही तीच राहिली, पण ती वाचण्याचे काम थेट कर्नल करू लागला. मे २०१० मधील २.६.३४ या आवृत्तीत ते आले. २०१६ साली व्हर्टिओला ओएसिस या संस्थेची मानक म्हणून मान्यताही मिळाली.

कलबुर्गी येथे १९५८ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पुण्यात रेड हॅटचे कार्यालय आहे. या भागातील जो तरुण उद्या कर्नलसाठी काही लिहून पाठवील, त्यालाही तोच प्रश्न विचारला जाईल: जे तुम्हाला हवे आहे, ते जुन्या बोलीत सांगता येत नाही काय? त्याचे उत्तर मोजमापासह देता आले, तरच नवी रेषा आखावी.