न मोजलेलीं बारा वर्षें

विजयाची तारीख इतिहास जपून ठेवतो. परंतु त्या विजयासाठीं किती काळ वाट पाहावी लागली, याची नोंद करावयास तो बहुधा विसरतो. हॉलंडची धांवपटू फॅनी ब्लँकर्स-कून हिच्या चरित्राकडे या दृष्टीनें पाहावें, असें आम्हांस वाटतें.

१९१८ सालीं जन्मलेली फॅनी १९३६ मध्यें बर्लिनच्या ऑलिंपिक सामन्यांत प्रथम उतरली. उंच उडींत सहावा व रिले शर्यतींत पांचवा क्रमांक, एवढेंच तेव्हां हातीं लागलें. वय अवघें अठरा. पुढचा काळ आपलाच, असें कोणासहि वाटावें. परंतु १९४० व १९४४ चे दोन्ही सामने महायुद्धानें गिळले, आणि मे १९४० मध्यें जर्मन सैन्यानें हॉलंड पादाक्रांत केलें. त्या परचक्रांतच ती आई झाली, आणि त्याच काळांत, १९४३ सालीं, तिनें उंच उडींत १.७१ व लांब उडींत ६.२५ मीटरचे जागतिक विक्रम केले.

१९४८ सालीं ती लंडनला निघाली तेव्हां तिचें वय तीस होतें व घरीं दोन मुलें होतीं. वय झालें, असें जाणते म्हणाले. मुलें सोडून धांवावयास जाते, म्हणून दोष देणारींहि पत्रें आलीं. पति व शिक्षक यान ब्लँकर्स पाठीशीं होता. तरीहि घराच्या ओढीनें तिला ऐन सामन्यांत रडूं कोसळलें. असें असूनहि १०० मीटर, ८० मीटर अडथळे, २०० मीटर व रिले अशीं चार सुवर्णपदकें तिनें जिंकलीं. स्त्रियांसाठीं प्रथमच ठेवलेली २०० मीटरची शर्यत तर ०.७ सेकंदाच्या अंतरानें!

वैयक्तिक स्पर्धा तीनच घेतां येत, म्हणून दोन्ही उड्या तिला सोडाव्या लागल्या. लांब उडीचें सुवर्ण ५.७० मीटरच्याहि आंतील उडीस मिळालें, हें येथें ध्यानांत घ्यावें.

१९९९ मध्यें आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स संघानें तिला शतकांतील सर्वश्रेष्ठ स्त्री-खेळाडू ठरविलें. २००४ सालीं ती निवर्तली. चार पदकें मोजणें सोपें आहे. जे दोन सामने भरलेच नाहींत, त्यांतील पदकें कोणी मोजावीं? आई झालेल्या स्त्रीचें कर्तृत्व संपलें, असें गृहीत धरणाऱ्यांनीं मात्र हा हिशेब एकदां तरी मांडून पाहावा.